उकिरड्याची वाटणी

फार वर्षांपूर्वी एका मुरमाड गावात दोन भाऊ राहत होते. जमीन हलकी, वर माती बोटभर. तरी त्यांच्या बापाने जन्मभर त्या रानातून भुईमूग काढला, तो घरामागच्या उकिरड्याच्या जोरावर. रोजचे शेण, गोठ्यातला काडीकचरा, चुलीची राख, सगळे त्या खड्ड्यात पडायचे. खड्डा भरला की बाप तो मातीने लिंपायचा आणि वर्षभर कोणाला हात लावू द्यायचा नाही. असे मुरलेले खत वर्षाआड रानाला मिळायचे.

एका हिवाळ्यात खड्डा लिंपून झाला आणि बाप गेला. तेराव्याचे जेवण पचले नाही तोच भावांनी वाटणी काढली. रान वाटले. बैल एकेक घेतला. एका बैलाने नांगर कसा चालायचा, हे कोणी विचारले नाही. आईसुद्धा महिन्यामहिन्याने वाटून झाली. राहिला तो उकिरडा.

आई म्हणाली, "बाबांनो, एवढा एक पावसाळा थांबा. अजून त्याला शेणाचा वास येतोय. मातीचा वास आला की मग खुशाल वाटा."

हे दोघांना कळत नव्हते असे नाही. बापाबरोबर खत पसरतच ते मोठे झाले होते. कच्चे शेण रानात टाकले तर त्यातून हुमणी जाते आणि ती अळी पिकाची मुळे खाते, हे त्या गावात पोरासोरांनाही ठाऊक होते. पण थोरल्याला वाटले, आपण थांबलो तर धाकटा गुपचूप पाट्या भरून नेईल. धाकट्यालाही थोरल्याबद्दल तेच वाटले. मग दोघेही खड्ड्याच्या दोन कडांना बाज टाकून बसू लागले. शेणावर एवढा पहारा गावाने कधी पाहिला नव्हता. लोक हसले, आणि हसण्यासारखेच होते ते.

शेवटी मृगाच्या तोंडावर खड्डा उकरला. मधोमध दोरी धरली, पाटीला पाटी लावली. सगळे ओले, घाण मारणारे, आणि त्यात जाड पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. थोरल्याने त्या पाहिल्या, धाकट्यानेही पाहिल्या. पण आधी पाटी खाली कोण ठेवणार?

पाऊस चांगला झाला. भुईमूग वीतभर वाढला, फुलावर आला, आणि जागच्या जागी पिवळा पडू लागला. थोरल्याने एक रोप धरले, तर ते न ओढताच हातात आले. खाली मूळच नव्हते. बांधापलीकडे धाकटाही तसेच रोप घेऊन उभा होता.

आता तरी दोघे एका बांधावर बसतील, असे कोणालाही वाटले असते. कसचे काय! हुमणी तुझ्याच रानातून आली, असे म्हणत ते दिवस मावळेपर्यंत भांडले.

त्या महिन्यात आई धाकट्याकडे होती. जेवताना त्याने विचारले, "आई, पुढच्या पेरणीला खत कुठनं आणायचं?"

आईने हातातला घास ताटात ठेवला. "खत होतं रे घरात," ती म्हणाली. "त्याला एक पावसाळा पाहिजे होता. तुम्हाला हिस्सा पाहिजे होता. तो मिळाला."

महिना सरला तशी ती गाठोडे घेऊन थोरल्याच्या दारात गेली. घरामागचा खड्डा रिकामा होता. त्यात पावसाचे पाणी साचले होते.

तात्पर्य: ज्याला मुरायला वेळ लागतो, ते अविश्वासापोटी घाईने वाटून घेतले, तर हिस्सा बरोबर निघतो, पण पदरात कच्चेच पडते.