फाईलीचं वजन

"मग मी जगणार किती, तेवढं सांगा!"

प्राध्यापक डिग्रजकरांचं हेच डॉक्टरांना विचारून झालं होतं. असं महिन्यांत सांगता येत नाही, म्हणाले डॉक्टर. म्हणून आज त्यांनी इस्माईलचाचांना गाठलं.

चाचा पूर्वी मिरजेत अत्तर विकायचे. आता अकरा वर्षं डायलिसिसवर. वॉर्डात नवा पेशंट आला की हटकून त्यांच्या खाटेशी येऊन बसतो. ते फारसं बोलत नाहीत, म्हणूनच असेल.

"कशावरून विचारताय?"

डिग्रजकरांनी छातीशी धरलेली फाईल उघडली. चाळीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलेला माणूस. हृदयाला त्रास झाला की रक्तात जे वाढतं, त्या ट्रोपोनिनचे आलेख काढलेले, तीन रंगांच्या शाईत.

"किडन्या गेलेल्या माणसाचा हा आकडा इतका चढा असला, की दोन वर्षांत मरण्याची शक्यता इतकी. गणित मी स्वतः केलंय. बिनचूक आहे."

"असेल..."

"असेल नाही, आहे! गेल्या चार खेपा मशीनवर पायात गोळे येतायत, प्रेशर उतरतंय, डोळ्यांपुढे अंधारी. डॉक्टर म्हणतात, कार्डिओग्राम ठीक आहे. त्यांना काय कळतंय? आजची खेप शेवटची. परवापासून मी येणार नाही."

माणूस खरोखर घाबरला होता.

चाचा म्हणाले, "फाईल जाड झाली."

"होणारच. हातातून खाली ठेवत नाही मी ती."

"सर, वजन!" सुलभा सिस्टरांनी हाक मारली.

सुई टोचण्याआधी सगळ्यांनाच वजनकाट्यावर उभं राहावं लागतं. ठरलेल्या वजनाहून जेवढं जास्त भरेल, तेवढं पाणी मशीन अंगातून ओढून घेतं.

डिग्रजकर काट्यावर चढले. शिस्तीचा माणूस. चपला काढल्या, घड्याळ काढलं, खिशातलं पेनसुद्धा काढलं. फाईल छातीशी.

"चौसष्ट किलो सहाशे," सिस्टर लिहू लागल्या.

चाचा उठले. काही न बोलता त्यांनी फाईल हातातून काढून घेतली.

त्रेसष्ट दोनशे.

सिस्टरांनी कपाळावर हात मारला. डिग्रजकरांनी काट्याकडे पाहिलं, फाईलीकडे पाहिलं... एवढ्याशा वजाबाकीला त्यांना बराच वेळ लागला.

"म्हणजे चार खेपा मशीननं..."

"फाईलीतलं पाणी तुमच्यातून काढलं. म्हणून ते गोळे, ती अंधारी."

सिस्टर तोंड फिरवून हसल्या. डिग्रजकरांना हसू येईना.

"पण चाचा, ट्रोपोनिन? तो आकडा तर खरा आहे ना?" आता ते पहिल्या बाकावरच्या पोरासारखे विचारत होते.

चाचांनी फाईल आपल्या उशाखाली सारली.

"खरा असेल. परवा याल तेव्हा तो इथंच असेल. काट्यावर मात्र एकटे चढा."