बेहड्यावरची बाळंतीण

फार वर्षांपूर्वी, आंबेखोल गावाला जायला नुसती पायवाट होती, तेव्हाची ही गोष्ट. गावात सुभद्रा नावाची सुईण राहायची. तिला एक खोड होती. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तिला काही खरं वाटत नसे. मुंग्या पावसाआधी अंडी कुठं नेतात ते बघत ती डोक्यावर भरली कळशी घेऊन दुपारभर उभी राहिली होती, असं म्हणतात.

गावच्या देवराईत धनेश पक्षी होते, मोठ्या वाकड्या चोचीचे. माघ सरता सरता मादी बेहड्याच्या झाडाच्या ढोलीत शिरे आणि ढोलीचं तोंड लिंपलं जाई. उरे ती बोटभर फट. गावाला वाटे, नरानंच बायकोला कोंडलं. म्हणून शिमग्याला लोक शिडी लावत, कोयत्यानं भिंत फोडत आणि तिला सोडवत. ती धपकन खाली पडे, कारण तिच्या पंखांना पिसंच नसत. मेल्यानं पिसंसुद्धा उपटली, म्हणत लोक नराला शिव्या देत आणि पुण्य पदरात पाडून घरी जात. पुढचं काम गावची कुत्री करत.

असं करता करता राईत एकच जोडी उरली.

त्या वर्षी सुभद्रा महाशिवरात्रीपासून बेहड्याखाली जाऊन बसली. रोज सुतळीला एक गाठ मारायची आणि बघत राहायची. नर फळं आणून देत होता. भिंत लिंपत होती ती मादीच, आतून, स्वतःच्या चोचीनं.

शिमग्याला शिडी आली. पुढं गावचा मुख्य मानकरी, गावकार रवळू. सुभद्रा खोडाला पाठ लावून उभी राहिली.

"तिका कोणी कोंडूक नाय," ती म्हणाली. "ती बाळंतीण आसा. रवळू, तुझ्या जल्माक तुझ्या आयशीच्या खोलीची कडी आतसूनच लागली हुती. तेव्हा तुझ्या बापाशीक कोणी गाळी घातल्यानी काय?"

"आणि आतच मेली तर, काकी?" रवळूनं विचारलं.

"तर माका परत बाळंतपणाक खयच्याच घराक बोलवू नकात."

सुईणपण हेच तिचं पोट आणि तोच तिचा मान. लोक शिडी तिथंच टाकून परतले.

पन्नासाव्या गाठीला नर आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. फटीतून चोच बाहेर येई आणि रिकामी आत जाई. तेव्हा सत्तरीची सुभद्रा तीच शिडी लावून वर चढली आणि बोटांच्या टोकावर तिनं उंबर धरलं. चोच थोडी थांबली, मग तिनं ते अलगद उचललं, असं म्हणतात. नर कधी परतलाच नाही. रोज सुभद्रा चढायची आणि पुढं पुढं खाली शिडी धरायला रवळू येऊ लागला. परड्या भरून उंबरं घरोघरून यायची.

ब्याण्णवाव्या गाठीला भिंत आतूनच फुटली. आधी मादी निघाली, जुनी पिसं आतच गाळून नव्या कोऱ्या पिसांची. मागून दोन पिल्लं. पण त्या दिवशी गावाला आनंदापेक्षा लाजच जास्त वाटली. किती शिमगे झाले होते, किती शिड्या लावल्या होत्या.

आजही आंबेखोलात शिमग्याचे ढोल राईपाशी गप्प होतात. ढोली लिंपली की कुणीतरी सुतळी घेऊन खाली बसतं. एका वर्षाच्या गाठी दुसऱ्या वर्षाशी जुळत नाहीत. का, ते बघणं अजून चालूच आहे. आणि दरवर्षी नवी शिडी करून बेहड्याला टेकवतात. तिच्या पहिल्या पायरीवर उंबरांची परडी असते, नर आला नाही तर असावी म्हणून.