पाणी मागितलं की हत्ती

महाराजांनी पाणी मागितलं आणि हत्ती आला. थेट जेवणघरात!

"पुन्हा?" राजा मृगांकसेन ताटावरून ओरडले.

राजवाड्यातल्या सगळ्या घंटांच्या दोऱ्या महाराजांच्या आसनापाशी आणलेल्या होत्या. एक ओढली की पाणी, दुसरी ओढली की न्हावी, तिसरी ओढली की हत्ती. निदान ठरलं तरी तसं होतं! पण दोरी अडकली की दुरुस्तीवाले धावत यायचे, वरून चटकन नवी दोरी बांधायचे, आणि महाराज खूश होऊन लाडू द्यायचे. आता न्हाव्याला बोलावलं तर तोफ उडत होती.

"लिंबाजी!" महाराज दुरुस्तीवाल्यांच्या नाईकावर गरजले. "उद्या मावळतीपर्यंत सगळं सुरळीत कर. आणि खबरदार, दोरीला हात लावलास तर! हात लावलास की बिघडतंच. नाही जमलं तर तुलाच मोठ्या घंटेत लोलक म्हणून टांगीन!"

लिंबाजीची बायको येसू, कडेवर तान्हं घेऊन, त्याची भाकरी द्यायला आली होती.

"मी करते, महाराज," ती म्हणाली, आणि लगेच घाबरली. चुलीवरचं दूध उतरवलं की नाही तेही आठवेना, आणि निघाली राजवाडा सुधारायला!

"तू? दोरीला हात न लावता?"

"कडेवर हा आहे, सरकार. हात रिकामा आहे कुठे?"

तिने दुरुस्तीवाल्यांकडे पाहिलं. एकेकाचं पोट नगाऱ्याएवढं!

"भाऊजी, लाडू कधी मिळतो हो?"

"काही बिघडलं आणि धावत जाऊन बांधलं, की!"

"आणि काहीच बिघडलं नाही तर?"

"मग कसला लाडू, वहिनी?"

येसू महाराजांकडे वळली. "तेवढा नियम उलटा करा. ज्या दिवशी कुणालाच धावावं लागणार नाही, त्या दिवशी सगळ्यांना दोन-दोन लाडू. एकदा जरी धावपळ झाली, तर कुणालाच नाही."

"केला उलटा!" महाराज म्हणाले. लगेच एक दुरुस्तीवाला ओरडला, "अरे, पाण्याची दोरी हत्तीच्या घंटेला कुणी बांधली?"

"तूच की, मेल्या!"

आणि सगळे एकदम गाठींवर तुटून पडले.

दुसऱ्या दिवशी मावळतीला महाराजांनी डोळे मिटून पाण्याची दोरी ओढली. आचारी कोठीत लपला. येसूने बाळाला घट्ट धरलं.

गडी पाण्याचा तांब्या घेऊन आला!

"पण दोऱ्या तर यांनी सोडवल्या," महाराज म्हणाले. "तू काय केलंस?"

"सरकार, दोऱ्या नंतर चुकल्या. आधी लाडूच चुकीच्या जागी बांधला होता!"

महाराजांनी हसायला तोंड उघडलं. येसूने घाईघाईने ओठांवर बोट ठेवलं. बाळ नुकतंच झोपलं होतं.

उपरणं तोंडात कोंबून महाराज गदगदा हसले आणि कुजबुजले, "लिंबाजी सुटला! आणि तुला काय हवं?"

"बाळाच्या झोपेच्या वेळी घंटा बंद."

"दिलं! आणखी?"

"एक दुभती म्हैस, सरकार. कालचं दूध उतू गेलं ना!"