नावाड्याच्या मुलीचे हजार शब्द

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ती ज्या राजाच्या राज्यात घडली त्याचे नावही आता कोणाला आठवत नाही.

त्या राज्यात नदीकाठी सगुणा नावाची नावाड्याची मुलगी राहत होती. पंचक्रोशीत एकही वैद्य नव्हता. आई साध्या तापाने गेली, तेव्हाच सगुणाने ठरवले, आपण वैद्य व्हायचे.

पण राजधानीतल्या वैद्यशाळेचे सगळे ग्रंथ सातासमुद्रापलीकडच्या भाषेत होते. प्रवेशाआधी त्या भाषेची परीक्षा द्यावी लागे. सगुणाने पंतोजींकडून शब्दकोश आणला आणि उठता-बसता घोकायला लागली. वर्षभरात हजार अवघड शब्द अर्थासकट तोंडपाठ झाले.

परीक्षेत आचार्यांनी विचारले, "बाळ, त्याच भाषेत सांग बघू, तुझ्या गावची नदी कशी आहे?"

हजारांतला एकही शब्द दुसऱ्याशेजारी उभा राहीना. सगुणा मान खाली घालून परतली.

"पोरी, पुरे झालं आता," तिचे वडील, आबा, म्हणाले. "लोक हसतात."

"हसू देत, आबा. शब्द येतात मला, बोलता येत नाही एवढंच. तेही शिकेन."

त्या नदीवरून तीच भाषा बोलणारे परदेशी व्यापारी ये-जा करत. सगुणाने वल्हे हाती घेतले. पहिल्याच दिवशी तिला सांगायचे होते, 'प्रवाहाला ओढ आहे, खाली बसा.' ती मोठ्याने म्हणाली, "नदीला भूक लागली आहे, जेवायला बसा!"

सगळे पोट धरून हसले. सगुणाचे कान तापले. पळून जावेसे वाटले, पण भर नदीत पळणार कुठे? तिने एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याला विचारले, "काका, मग बरोबर कसं म्हणायचं?"

त्याने सांगितले. तिने ते पैलतीर येईपर्यंत पुन्हा पुन्हा म्हटले.

मग रोज कोशातले पाच शब्द बोलण्यात आणायचे. ती बोलायची, चुकायची, विचारायची, पुन्हा बोलायची. कधी कोणी वैतागे, तर ती दुसऱ्याला विचारी. वर्ष असेच सरले.

पुन्हा परीक्षा आली. आचार्यांनी एका रुग्णाच्या तापाचे वर्णन वाचले आणि त्यातल्या एका शब्दावर बोट ठेवले. "याचा अर्थ?"

तो शब्द तिच्या कोशात नव्हताच. बाकीची मुले एकमेकांकडे बघू लागली. सगुणा त्या परक्या भाषेत म्हणाली, "आचार्य, हा शब्द मी कधी ऐकलेला नाही. पण ताप सकाळी उतरतो, संध्याकाळी चढतो असं आपण वाचलंत. म्हणजे येत-जात राहणारा ताप असावा. चुकत असेन तर सांगा."

"अर्थ बरोबर आहे," आचार्य म्हणाले. "आता शब्द उच्चारून दाखव."

ती चुकली. मागे कोणीतरी फिस्सकन हसले. ती पुन्हा चुकली. तिसऱ्यांदा शब्द बिनचूक आला.

आचार्यांनी प्रवेशाच्या यादीत पहिले नाव तिचे लिहिले.

तात्पर्य : चुकायची लाज सोडली, की विद्या आपली होते.