मंचाखालच्या फळ्या

फार मागे, रानातल्या ओढ्यावर पहिला बंधारा झाला तेव्हाची ही गोष्ट. वेळ सकाळी दहाची, जागा ओढ्याचा काठ. पाऊस संपला होता आणि बंधाऱ्याच्या खांबांमधून पाणी सरळ वाहून चाललं होतं. ते अडवायच्या फळ्यांचा मंच केला होता आणि त्यावर प्रकल्पप्रमुख गवेसाहेब शिंगं मिरवत, गळ्यात हार घालून उभे होते.

मरळबाई डोहातून बघत होती. तिची पिल्लं अजून बोटभरही नव्हती. डोह आटला तर ती जगणार नव्हती.

"साहेब, आधी फळ्या बसवा की! पाणी चाललंय," ती ओरडली.

"मग आम्ही काय चिखलात उभं राहून भाषण करायचं, बाई? फळ्या उद्या बसवू."

मंचावर हशा पिकला.

"उद्यापर्यंत थांब म्हणून पाण्याला पत्रिका धाडलीय वाटतं!" मरळबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मोराचा सत्कार निघाला, मग आढावा बैठक, मग पाहुण्यांची पाहणी. दरवेळी मंच हवाच होता. पाणी अडवल्याबद्दल गवेसाहेबांना मानाची झूल मिळाली, तीही त्याच मंचावर.

हिवाळा सरायच्या आत डोह आटला. मरळबाई चिखलात रुतून कशीबशी जगली. पिल्लांपैकी एकही वाचलं नाही. फळ्या उचलायचा हुकूम कोणी द्यायचा होता, असं तिने भर सभेत विचारलं. ते अजून कोणी सांगितलेलं नाही.