पुसण्याआधीचं वाक्य

एकदा एक संगणक अडून बसला. तो काही मोठ्या कचेरीतला नव्हता. धरणात गेलेलं एक डोंगरातलं गाव खाली माळावर आणून वसवलं होतं, त्या नव्या गावाच्या वाचनालयातला हा वीस वर्षांचा म्हातारा संगणक. सुरू करावा तर काळ्या पडद्यावर दोन पांढऱ्या ओळी उमटायच्या आणि पुढे ढिम्म हालचाल नाही. 'भंगारात द्या आणि नवा आणा' म्हणणारे पुष्कळ भेटले. त्याच्या पोटात काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

त्याच्या पोटात जुनं गाव होतं. धरणाची दारं बंद होण्याआधीच्या उन्हाळ्यात शाळेतल्या एका गुरुजींनी घर अन् घर फिरून फोटो काढले होते. सत्तेचाळीस घरं, आणि प्रत्येक उंबऱ्यावर त्या घरची माणसं उभी. पुढे गुरुजी वारले, त्यांचा कॅमेराही कुठे गेला कळलं नाही, आणि ते सारे फोटो या एका यंत्रात उरले. दुसरी प्रत कुणी काढून ठेवली नव्हती. उद्या काढू, परवा काढू, असं म्हणत वीस वर्षं गेली. आपण सगळे हेच करतो, तेव्हा गावाला नावं ठेवायचं कारण नाही.

या वाचनालयाची ग्रंथपाल चित्रा शेडगे. गाव सोडलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती. येत्या रविवारी गाव हलल्याला वीस वर्षं पुरी होत होती आणि त्या दिवशी सगळ्यांनी मिळून ते फोटो बघायचे असं ठरलं होतं. चित्राचे वडील, त्यांना ती दादा म्हणे, रोज संध्याकाळी एकच विचारत, "चित्रा, आई दिसेल ना गं?" त्यांच्या आईचा, म्हणजे चित्राच्या आजीचा, दुसरा एकही फोटो घरात नव्हता. गाव हललं त्याच पावसाळ्यात ती गेली होती.

तालुक्याच्या दुकानदाराने तपासून सांगितलं की यंत्र धड आहे, ते चालवणारी प्रणाली तेवढी बिघडली आहे. चित्राने वाचलं होतं की लिनक्स नावाची प्रणाली जुन्या यंत्रावरही सुखाने चालते, आणि ती जगभरच्या माणसांनी रचून सर्वांसाठी खुली ठेवली आहे. तिने ती पेनड्राइव्हवर उतरवून घेतली आणि थेट मोकाशी सरांचं घर गाठलं. मोकाशी सर टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. पंच्याहत्तरी उलटली होती, पण विचारायला येईल त्याला शिकवायचे.

"सर, तुम्ही फक्त शेजारी बसा. बसवते मीच. वाचनालयातला प्रिंटर मीच जोडला होता. 'पुढे, पुढे' दाबत गेलं की होतं."

सरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "असं का? मग बसवू की. पण आधी खोट्यावर."

त्यांच्या लॅपटॉपमध्ये एक चौकट होती आणि त्या चौकटीत दुसरा एक संगणक चालत होता. खरा नव्हे, आभासी. त्याला स्वतःची डिस्क, स्वतःचा पडदा, सगळं होतं, फक्त हात लावायला काही नव्हतं. सर म्हणाले, "यात एक यादी लिही. जुन्या गावातली घरं, वरच्या आळीपासून नदीपर्यंत, ओळीने. कुणाचं घर, दारात काय होतं, तुला आठवेल ते."

चित्राला काही उमगेना. रविवार पाच दिवसांवर आलेला आणि सरांना निबंध सुचतोय! पण वडीलधाऱ्या माणसापुढे बोलायचं कसं? ती बसली. पहिली दहा घरं आठवली, मग गाडी अडली. तिने दादांना फोन लावला, दादांनी सरपंचकाकांना जवळ बोलावलं, आणि दोघे फोनवर भांडायलाच लागले की पिंपळाच्या पारामागे आधी कदमांचं घर की सुताराचं. दुसऱ्या दिवशी दुपारी सत्तेचाळिसावं घर लिहून झालं तेव्हा चित्राचं तिलाच नवल वाटलं. इतकं गाव आपल्या आत शिल्लक आहे, हे तिला ठाऊक नव्हतं.

"झकास," सर म्हणाले. "आता याच यंत्रावर तुझं लिनक्स बसव."

चित्राने बाह्या सरसावल्या आणि ती कामाला लागली. पडदा आला की दाब, पडदा आला की दाब. एकदा मध्येच एक मोठी चौकट उघडली, तिलाही तिने सवयीने होकार देऊन टाकला. पाऊण तासात नवी कोरी प्रणाली झळकली. "बघा सर! झालं की नाही?"

"झालं. ती यादी उघड बरं."

तिने शोधलं. इथे पाहिलं, तिथे पाहिलं. यादी नव्हती. पिंपळाचा पार नव्हता, सुतार नव्हता, कदमही नव्हते.

"तुम्हाला ठाऊक होतं हे?"

"होतं."

"मग थांबवलं का नाही मला?"

"पडद्याने थांबवलं होतं की! मी त्याहून मोठ्याने काय बोलणार होतो? काय लिहिलं होतं त्या मोठ्या चौकटीत?"

चित्राने ती वाचलीच नव्हती. तिला इतका संताप आला की तिने पिशवी उचलली आणि दारापर्यंत गेली. दोन दिवस लिहून घ्यायचं आणि डोळ्यांदेखत पुसू द्यायचं, ही कसली शिकवण? पण चपलेत पाय घालताना तिला दादांचा प्रश्न आठवला. ही यादी नसून ते फोटो असते तर? ती मुकाट्याने परत येऊन बसली.

"पुन्हा पहिल्यापासून," सर मऊ आवाजात म्हणाले. "या खेपेला प्रत्येक पडदा मोठ्याने वाचायचा. इंग्रजीत असला तरी अर्थ मराठीत सांगायचा."

पहिल्याच पडद्यावर दोन पर्याय होते. तिने वाचले. एक, बसवून घ्या. दुसरा, न बसवता वापरून पाहा. ती थबकली. "सर, म्हणजे डिस्कला हात न लावता आत काय आहे ते बघता येतं?"

"येतं ना."

"अगदी पहिल्याच पडद्यावर लिहिलंय हे?"

सरांनी घरात चहा ठेवायला सांगितलं.

शनिवारी सकाळी सर आपला लॅपटॉप घेऊन वाचनालयात आले. दादा आले, सरपंचकाका आले, आणखी चार-सहा माणसं दाराशी उभी राहिली. चित्राने पेनड्राइव्ह लावला. पहिला पडदा उघडला आणि बोट सवयीने खाली निघालंसुद्धा. मग ते थांबलं. तिने दोन्ही पर्याय मोठ्याने वाचले आणि दुसरा निवडला.

म्हातारं यंत्र घरघरलं, बराच वेळ घेतला, पण लिनक्स उघडलं. जुनी डिस्क दिसू लागली. त्यात गुरुजींच्या नावाची फाइलींची पेटी होती, आणि पेटीत सत्तेचाळीस फोटो. चित्राने ते आधी दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर काढून घेतले, उघडून पाहिले, आणि मगच तिचा जीव भांड्यात पडला.

एकोणिसाव्या फोटोत आजी होती. दादा पडद्याजवळ गेले आणि कितीतरी वेळ नुसते बघत राहिले. "हाताला पीठ लागलंय बघ तिच्या," ते म्हणाले. "भाकऱ्या तव्यावर टाकून आली असणार. गुरुजींनी हाक मारली असेल आणि ही तशीच धावली." मग त्यांनी उपरण्याने डोळे पुसले, आणि कुणापासून लपवलेही नाहीत.

त्यानंतरच चित्राने प्रणाली बसवायला घेतली. डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल असं इंग्रजीत बजावणारी ती मोठी चौकट आली. या खेपेला तिने ती शब्द न् शब्द वाचली, दोन्ही प्रती पुन्हा तपासल्या, आणि होकार दिला. दुपारी यंत्र नव्याने चालू झालं, फोटो परत त्यावर आले आणि दादांसाठी तिने आजीचा फोटो उघडून ठेवला. मात्र फोटोंना नावं नव्हती, कॅमेऱ्याने घातलेले नुसते आकडे होते. "यादी असती तर आत्ता नावं देता आली असती," ती हळूच म्हणाली. "असू दे. पुन्हा लिहू."

सरांनी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. चौकटीतल्या यंत्राला त्यांनी दोन कळांत मागे नेलं, आणि पडद्यावर यादी आली. वरची आळी, पिंपळाचा पार, सुतार, कदम, सगळे आपापल्या जागी.

"तू बसवायला घेण्याआधी मी यंत्राची तेव्हाची स्थिती जपून ठेवली होती. खोट्याला असं मागे आणता येतं. खऱ्याला नाही."

"मग त्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर आज तुझं बोट थांबलं असतं?"

चित्राला हसू आलं आणि रडूही आलं. तीन दिवस मनात धरलेला राग कुठल्या कुठे गेला. तिने वाकून सरांच्या पायाला हात लावला, तशी त्यांनी पाय मागे घेतले.

"माझ्या कसली पाया पडतेस? मी काय केलं? ती पुसण्याआधीची मोठी चौकट ज्याने लिहिली त्याच्या पाया पड. तो तुला ओळखत नाही. तुझं गाव त्याने ऐकलेलंही नाही. मला आपलं वाटतं, त्याचंही कधीतरी असंच काही पुसलं गेलं असावं. आईचं पत्र म्हण, लेकीचा फोटो म्हण. त्याचं परत आलं नसेल. पण दुसऱ्याचं जाऊ नये म्हणून, बोट आणि डिस्क यांच्यामध्ये तो एक वाक्य ठेवून गेला. अशा हजारो अनोळखी माणसांनी मिळून ही प्रणाली रचली, आणि 'घ्या, वापरा' म्हणून सोडून दिली. आपण त्यांना आभारही म्हणत नाही, 'पुढे, पुढे' दाबत जातो. निदान त्यांचं वाक्य वाचावं. त्यांचे आभार मानायची हीच रीत मला ठाऊक आहे."

"आणि त्याहून जास्त मानायचे असले तर?"

"ते वाक्य अजून मराठीत झालेलं नाही. कुणीही करून पाठवू शकतं."

चित्रा तिथेच बसली आणि लिहू लागली. लिहून झाल्यावर ऐटीत वाचून दाखवलं, "सदर डिस्कवरील विद्यमान विदा कायमस्वरूपी नष्ट होईल. पुढील कार्यवाहीस संमती आहे काय?"

दादांच्या कपाळाला आठी पडली. "हे काय गं? धरणाची नोटीस आली होती, ती अशीच होती. पाराला चिकटवली होती महिनाभर. आम्हाला वाटलं, दुसऱ्या कुठल्या गावाची असेल."

चित्राने ते वाक्य खोडलं. थोडा वेळ ती पडद्यावरच्या आजीकडे, तिच्या पिठाच्या हाताकडे बघत राहिली, आणि मग पुन्हा लिहिलं, "या डिस्कवर जे काही आहे ते सगळं कायमचं जाईल. त्यात तुमच्या माणसांचं काही असेल तर आधी काढून ठेवा. ठेवलंत का?"

दादांनी ऐकलं आणि मान डोलावली. "हां. हे कळलं."

तिने ते वाक्य त्या अनोळखी माणसांकडे पाठवून दिलं.