सरड्याने वारूळ सोडले

एका जंगलात, साग संपून बांबू सुरू होतो तिथे, एक तरुण सरडा राहत असे. मुलांनो, सरडे मुंग्या खातात हे तुम्हाला ठाऊक आहे. पण या पठ्ठ्याची तऱ्हाच न्यारी. तोंडापुढून मुंगी गेली की तिला मटकावायचे सोडून ती कुठे निघाली हे पाहत तो मागे मागे जाई. त्याला वेड होते वारुळाचे. टेकडीपलीकडे एक मोठी पाठशाळा होती आणि तिच्या अंगणात हत्तीपेक्षा उंच असे एक जुने वारूळ होते. त्या पाठशाळेत प्रवेश मिळवायचा आणि ते वारूळ आतून-बाहेरून शिकायचे, एवढे एकच त्याला आयुष्यात हवे होते.

जंगलातल्या शाळेत शेवटच्या वर्षी ज्याचे विषय त्याने निवडायचे, अशी रीत होती. वारूळ हा विषय अस्वल शिकवी. अस्वल भारी खडूस. पैकीच्या पैकी गुण त्याने आजवर कुणालाच दिले नव्हते. सरडा धास्तावला आणि थेट कोल्ह्याकडे सल्ला मागायला गेला. कोल्ह्याने त्या पाठशाळेचे तोंडही पाहिलेले नव्हते, पण तिथे प्रवेश कसा मिळवावा हे तो साऱ्या जंगलाला सांगत असे. तो म्हणाला की, निवड करणाऱ्या हत्तीणबाईंना चिखल प्रिय, तेव्हा चिखलात लोळणे हा विषय घ्यावा. मोर हात सैल सोडून गुण देतो, तेव्हा नाच घ्यावा. सरड्याने भीत भीत वारुळाचे विचारले.

"वारूळ सोड," कोल्हा म्हणाला. "आधी आत शिरायचं बघ. मग काय हवं ते शिक."

वरच्या फांदीवर सरड्याची मैत्रीण पाल बसली होती. ती चुकचुकली. इतरांच्या मनात शंकेची पाल चुकचुकते. याच्या तर डोक्यावरच खरीखुरी चुकचुकत होती! पण ऐकेल तो सरडा कसला? तुम्हा पालींना चुकचुकायची खोडच असते, असे म्हणून त्याने तिला उडवून लावले. पालीने मुकाट्याने वारूळ घेतले आणि वर्षभर अस्वलाची बोलणी खाल्ली.

सरड्याचे वर्ष मोठ्या थाटात गेले. चिखलाच्या तासाला तो चिखलाच्या रंगाचा होई, मोरापुढे निळा होई, कोल्ह्याकडे गेला की पिंगट. गुण तर विचारूच नका, सगळीकडे पैकीच्या पैकी. फक्त वाटेत वारूळ लागले की तो मान फिरवून झपाझप पुढे जाई.

निवडीचा दिवस उजाडला. हत्तीणबाईंनी सरड्याला समोरच्या दगडावर बसवले. त्याचे गुण ऐकून त्यांनी समाधानाने कान हलवले. सरड्याला वाटले, झाले आपले काम. मग त्यांनी विचारले, "इथे येऊन काय शिकणार?"

"वारूळ, बाई. लहानपणापासून त्याचंच वेड आहे मला."

हत्तीणबाईंचे कान हलायचे थांबले. "मग शेवटच्या वर्षी वारूळ का नाही घेतलंस?"

"इथे प्रवेश मिळावा म्हणून सोडलं, बाई."

हत्तीणबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. इतकी वर्षे त्या मुले निवडत होत्या, पण असे उत्तर त्यांनी कधी ऐकले नव्हते. "अरे बाळा," त्या म्हणाल्या, "तू सोडलंस त्याच्या पुढचं इथे शिकवतात. मधलं कुठून आणणार?"

सरड्याच्या पायाखालची जमीन सरकली. ज्याच्यासाठी एवढा आटापिटा केला, तेच आपण आपल्या हाताने टाकून आलो! भीतीने तो बसल्या जागी दगडाच्या रंगाचा झाला. हत्तीणबाई वाकून शोधू लागल्या. आपल्या मूळ रंगात यायची सरड्याने पराकाष्ठा केली. चिखलाचा रंग आला, मोराचा आला, कोल्ह्याचाही आला. पण आपला स्वतःचा कोणता, ते काही केल्या त्याला आठवेना. शेवटी पुन्हा दगडाचाच रंग चढला. मी इथेच आहे, असे त्याला ओरडून सांगायचे होते. तोंड उघडले, पण शब्द फुटला नाही.

"गेला वाटतं," हत्तीणबाई म्हणाल्या. "दगड रिकामा आहे. पुढच्याला बोलवा."

तात्पर्य : जे शिकण्यासाठी पुढे जायचे, तेच पुढे जाण्यासाठी सोडू नये.